सीलबंद कपाटातली नऊ झाडं

मंगळवारी सकाळी बरोबर साडेसात वाजता निरीक्षकांनी कपाट उघडलं, तर आतल्या नऊच्या नऊ झाडांनी माना टाकलेल्या. काल आठांनी टाकल्या होत्या. नववं अजून विचार करत होतं. तेही आता बहुमताला जाऊन मिळालं होतं.

"अगं, जरा इकडे ये," त्यांनी बायकोला हाक मारली. "फक्त बघ. हात लावू नकोस."

"मी कशाला लावू? तुम्ही लावलात तेवढा पुरे झाला." बायको ओले हात पुसत आली, आत डोकावली आणि तिने तोंडातून 'च्‌ च्‌' असा आवाज काढला. तेवीस वर्षांच्या संसारात निरीक्षकांना या आवाजाच्या सगळ्या छटा पाठ झाल्या होत्या. आजची छटा जरा गडद होती.

"अक्का कधी यायचीय?" त्यांनी विचारलं.

"रविवारी, अकरापर्यंत. डोळ्याची पट्टी निघाली तिच्या. म्हणाली, आता भिंतीवरची मुंगीसुद्धा लांबून दिसते."

निरीक्षकांनी कपाट हळूच लावून घेतलं.

निरीक्षक वजनमापे खात्यात होते. सव्वीस वर्षं ते दुकानदारांचे तराजू तपासत होते. ते बाजारात शिरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत काटे आपसूक मध्यावर येत. पेट्रोलपंपावर त्यांनी नुसतं मोजपात्र पिशवीतून बाहेर काढलं तरी मालकाला घाम फुटे. हा सगळा दरारा घराच्या उंबऱ्याशी चपलांबरोबर बाहेर राही. कारण बायकोच्या माहेरी त्यांची ख्याती वेगळीच होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी थोरल्या मेहुणीचं, म्हणजे अक्काचं, शिलाई मशीन दुरुस्त करून दिलं होतं. तेव्हापासून ते मशीन फक्त उलटं शिवत असे. पुढे त्यांनी मेहुण्याच्या दाराचं कुलूप नीट केलं, ते आतून कोणालाही उघडे, बाहेरून मात्र कोणालाच उघडेना. मग मात्र त्या घरात एक न लिहिलेला कायदा झाला. बल्ब बदलायचा असो की टेबल सरकवायचं असो, निरीक्षक अर्धे उठले की अक्का गोड आवाजात म्हणे, "भाऊजी, तुम्ही बसा."

त्यात अपमान असा काही नव्हता. उलट चहाही मिळे. पण वीस वर्षं बसून माणसाची कंबर धरते.

म्हणून अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, डॉक्टरांनी महिनाभर वाकायला आणि मातीत हात घालायला मनाई केली, आणि तिने आपली नऊ लाडकी झाडं धाकट्या बहिणीच्या हवाली केली, तेव्हा निरीक्षकांना संधी दिसली. झाडं नाजूक होती. बारीक दांड्यावर तीन-तीन पानं, जणू उघडलेली छोटी छत्री. अधूनमधून फिकट कळ्या. "लहान कुंड्यांत दाटलीत बिचारी," अक्का बहिणीला म्हणाली होती. "जमलं तर मोठ्या कुंड्यांत लाव. तू लाव हं." यातला 'तू' निरीक्षकांना लागला होता.

मागच्या शनिवारी बायको बाहेर गेली असताना त्यांनी नऊच्या नऊ झाडं मोठ्या कुंड्यांत हलवली. प्रत्येक कुंडीत माती किती, तर साडेसातशे ग्रॅम, इकडे-तिकडे दोन ग्रॅम. घराच्या खिडक्यांसमोर नवी इमारत उभी राहिल्यापासून ऊन फक्त कॅलेंडरवरच्या चित्रात दिसे, म्हणून त्यांनी झाडांसाठी खास दिवा आणला. दुकानदार त्याला ग्रो लाइट म्हणत होता. सोबत एक टायमर. त्याच्या तबकडीवर एक ते चोवीस आकडे आणि कडेने बारीक दाते. सातपासून एकोणीसपर्यंतचे दाते दाबायचे, मग तबकडी फिरवून सध्याची वेळ लावायची; पुढचं सगळं तो सांभाळतो. निरीक्षकांनी रेडिओवरच्या वेळेशी आधी आपलं घड्याळ जुळवलं. मग चष्मा कपाळावर चढवून, श्वास रोखून, तबकडी बरोबर सात वाजून चौदा मिनिटांवर आणली. दिवा लखकन लागला. बायको तेवढ्यात दारातून आत आली, आणि तिलाही कबूल करावं लागलं की लागला खरा.

फक्त त्याचा उजेड जांभळा होता. दहा मिनिटांत समोरच्या बाई गॅलरीत आल्या. "वहिनी, ब्युटी पार्लर काढलंत का? अपॉइंटमेंट लागते का?"

बायकोने खिडकी लावली आणि फर्मान काढलं. त्याच संध्याकाळी दिवा, कुंड्या, सगळं मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात गेलं. वायर पाठीमागच्या भोकातून, टायमर कपाटामागच्या सॉकेटला, जिथे फक्त हात पोचतो, नजर नाही. दाराच्या फटीतून जांभळी रेघ दिसू नये म्हणून निरीक्षकांनी कडेने स्पंजची पट्टीही चिकटवली. वेळापत्रक दारावर लावलं: तपासणी सकाळी साडेसात आणि कार्यालयातून आल्यावर साडेसहा. संध्याकाळी सातनंतर कपाट उघडायचं नाही. झाडांनाही विश्रांती हवी.

रविवारी सकाळी पहिल्या तपासणीला कपाट उघडलं, तर दिवा बंद. निरीक्षक चपापले. सुदैवाने मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, चहाला आलेला होता. तो फ्रिज दुरुस्त करत असे आणि जगातल्या सगळ्या यंत्रांकडे फ्रिजचे लांबचे नातेवाईक म्हणून बघे.

"बंद असणारच भाऊजी," तो बिस्किट चहात बुडवत म्हणाला. "भारीतल्या लाइटला सेन्सर असतो. बाहेरचा उजेड आत आला की तो म्हणतो, आता मी कशाला जळू? फ्रिजचा उलटा प्रकार. दार लावा, लागेल."

"पण दार लावल्यावर लागला हे कळणार कसं?"

"फ्रिजचा दिवा दार लावल्यावर विझतो, हे तुम्ही कधी पाहिलंय?"

"नाही."

"पण विश्वास ठेवताच ना?"

निरीक्षकांनी दार लावलं आणि विश्वास ठेवला.

तेव्हापासून झाडं एकेक करून मान टाकत आज मंगळवारी ही वेळ आली होती. कार्यालयात जाता जाता ते नर्सरीत थांबले. नर्सरीवाला पाइपने पाणी मारत होता. त्याने मागे वळूनही न बघता निदान केलं.

"कुंडी बदलली? मग रुसणारच. नवीन घरात तुम्हाला तरी पहिल्या रात्री झोप लागते का?"

"रविवारपर्यंत सुधारेल?"

"सुधारेल. नाहीतर मरेल. पाणी किती देता?"

"पंचवीस मिलीलीटर."

आता मात्र नर्सरीवाल्याने वळून पाहिलं. "आणि लाइट?"

"सात ते सात. बारा तास."

"वेळ बरोबर आहे ना?"

सव्वीस वर्षांत निरीक्षकांना असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "रेडिओशी जुळवलीय," ते थंडपणे म्हणाले. "सेकंदाचाही फरक नाही."

"मग पाणी जास्त होत असेल," नर्सरीवाला म्हणाला. गिऱ्हाईक चिडलं की तो नेहमी पाण्यावर यायचा.

त्या संध्याकाळी निरीक्षकांनी प्रत्येक कुंडी काट्यावर ठेवली. आठ कुंड्या सकाळपेक्षा थोड्या हलक्या होत्या. चौथी कुंडी अकरा ग्रॅमने जड होती.

ते स्वयंपाकघरात गेले. "आज दिवसभरात घरी कोण होतं?"

"मी. का?"

"चौथ्या कुंडीत अकरा ग्रॅम वाढलेत."

बायकोने गॅस बारीक केला. "चमचाभर पाणी घातलं. फार तर दोन चमचे म्हणा. जीव तळमळत असेल असं वाटलं."

"अगं, मी उपचार करतोय! एकाच वेळी दोन डॉक्टरांचं औषध चालतं का?"

"एका डॉक्टरचंही चालत नाहीये, हे दिसतंयच की."

बुधवारी निरीक्षकांनी कपाट सील केलं. तराजूच्या पोटात कुणी हात घालू नये म्हणून तार ओवून शिशाचा शिक्का मारतात, अगदी तस्सं. खात्यातून बाद झालेला एक जुना चिमटा त्यांनी आठवण म्हणून जपून ठेवला होता, तो कामी आला. साडेसातला सील तोडायचं, पाहणी, नोंद, पाणी, पुन्हा सील. साडेसहाला पुन्हा तेच. आता त्या कपाटात हवा शिरायचं म्हटलं तरी तिला अर्ज करावा लागला असता.

झाडांवर काहीही परिणाम झाला नाही. बुधवारी दिवा जवळ असेल म्हणून चार बोटं वर घेतला. गुरुवारी लांब झाला असेल म्हणून दोन बोटं खाली घेतला. शुक्रवारी निरीक्षकांनी काळजावर दगड ठेवून तिसरं झाड उपसलं आणि मुळं भिंगाखाली धरली. मुळं पांढरीशुभ्र, धडधाकट, कुजण्याचा मागमूस नाही. एवढंच काय, दोन नवी पानंही फुटली होती, पण तीही जन्मतःच मान खाली घालून.

"म्हणजे आजार काहीच नाही," निरीक्षक झाड परत लावत पुटपुटले. "तब्येत उत्तम आहे. फक्त मन लागत नाहीये."

"अक्काला फोन करून विचारा ना," बायको म्हणाली. "तिची झाडं आहेत. दोन मिनिटांत सांगेल."

"तिला विचारायचं असतं तर हे सगळं कशाला केलं असतं?"

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग चहा टाकायला गेली. एवढ्या वर्षांत तिला मशीन दिसलं होतं, कुलूप दिसलं होतं. ते अर्धवट उठून परत बसणं तिने बहुधा आज पहिल्यांदा पाहिलं.

रविवार उजाडला. साडेसातला नऊ माना खालीच. मेहुणा नऊ वाजता आला तो खिशात काडेपेटी आणि शिवणाचा दोरा घेऊन.

"प्रत्येक दांड्याला एकेक काडी बांधू," तो म्हणाला. "मोडलेल्या हाताला नाही का बांधत? अक्का चहा पिऊन जाईपर्यंत तरी उभी राहतील."

"चौपन्न दांडे आहेत," निरीक्षक म्हणाले.

"काडेपेटीत पन्नास असतात. चार जणांना बसू दे."

साडेदहाला अक्काचा फोन आला. "अगं, मला यायला संध्याकाळ होईल. माझा डोळा बघायला माणसं येताहेत. एक झाली की दुसरी. आतापर्यंत चौघींना दाखवला, दोघी पुन्हा येते म्हणाल्यात. माझी पोरं कशी आहेत?"

"येशील तेव्हा बघशीलच," बायको म्हणाली. ती खोटं कधीच बोलत नसे. लागेल तेवढंच खरं बोले.

साडेसहाची तपासणी निरीक्षकांनी एकट्याने केली. काही बदल नव्हता. त्यांनी सवयीने सील मारलं आणि अक्काला काय सांगायचं ते मनात मांडायला घेतलं. 'अक्का, नैसर्गिक कारणांनी' अशी सुरुवात होत होती, पण वाक्य पुढे सरकत नव्हतं.

अक्का आली तेव्हा सात चाळीस झाले होते. दारातच तिने बहिणीला नीट न्याहाळलं. "तुझे केस केवढे पिकलेत गं! मला वाटायचं अजून काळेच आहेत." मग मेहुण्याचं पोट पाहिलं. मग निरीक्षकांकडे वळली. "आणि भाऊजी, तुमचा चेहरा का असा? कुठे आहेत पोरं?"

"आत आहेत," निरीक्षक म्हणाले. "पण अक्का, आधी बसून घ्या. सांगायचं म्हणजे..."

अक्का केव्हाच मागच्या खोलीत पोचली होती. कपाटावरची तार आणि शिसं बघून ती थबकली. "हे काय, तुरुंगात घातलीत?"

निरीक्षकांनी पक्कड घेतली. तार त्यांनी स्वतःच्या हाताने तोडली. या हाताने आजवर लोकांचे तराजू जप्त केले होते. दार उघडलं.

खोलीभर जांभळा उजेड पसरला. त्या उजेडात नऊच्या नऊ झाडं ताठ उभी होती. एकूण एक छत्री उघडलेली, पानं ताणून पसरलेली, आणि मधूनमधून पाच-सहा नव्हे, मोजून सतरा फुलं फुललेली.

मेहुण्याने टाचा उंचावून दिव्याकडे पाहिलं. "सेन्सर बिघडला वाटतं," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"अगं बाई!" अक्का कुंड्यांजवळ गेली. "माझ्याकडे तीन वर्षांत कधी एकदम चार फुलं आली नाहीत. कुणी केलं हे? खरं सांग, तू?"

"मी नाही," बायको म्हणाली. "मला तर हातही लावू दिला नाही. सगळं ह्यांनीच केलं."

तेही खरंच होतं.

"भाऊजी, तुम्ही?" अक्काच्या नव्या डोळ्याने निरीक्षकांना आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्यासारखं पाहिलं. "सांगा तरी काय केलंत ते. थांबा, मी बसते, तुम्ही सांगा."

आणि अक्का खरोखरच बसली. निरीक्षक उभे राहिले. मातीचं वजन, पाण्याचं माप, दिव्याची उंची, मुळांचा रंग, सगळं त्यांनी सांगितलं. अक्का मान डोलावत होती, मेहुणा टिपून घेत होता. बायको मात्र एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि एकदा कपाटाकडे बघत होती.

पाहुणे गेल्यावर तिने विचारलं, "तो टायमर जरा काढता का बाहेर?"

निरीक्षकांनी कपाटामागे हात घातला. टायमर उजेडात आला. घरातल्या घड्याळात नऊ वाजून सहा मिनिटं झाली होती. तबकडी म्हणत होती, सकाळचे नऊ वाजून सहा मिनिटं.

"संध्याकाळी सातला लागतो," बायको सावकाश म्हणाली, "आणि सकाळी सातला विझतो. तुम्ही बघता साडेसातला. आणि साडेसहाला."

निरीक्षकांनी तबकडी डोळ्यांजवळ धरली. "सेकंदाचाही फरक नाही," ते क्षीण आवाजात म्हणाले. "फक्त बारा तासांचा आहे."

सोमवारी सकाळी झाडं खोक्यातून अक्काच्या घरी गेली. जाताना त्यांनी पुन्हा माना टाकल्या होत्या. प्रवासाचा शीण, असं मेहुण्याने सांगितलं. दुपारी निरीक्षकांनी नर्सरीवाल्याला खरं काय ते सांगितलं. तो इतका हसला की त्याच्या हातातल्या पाइपने दोन गिऱ्हाइकं भिजवली.

"अहो, ही झाडं अंधारात मिटून झोपतात! तुम्ही रोज त्यांना झोपेतून उठवून विचारत होता, बाबांनो, तब्येत कशी आहे? आता तिकडे भर दुपारी झोपतील. दोन-चार दिवसांत तिकडच्या उजेडाला लागतील, काही करू नका."

मंगळवारी अकराच्या सुमाराला अक्काचा फोन आला. घरी नव्हे, थेट कार्यालयात.

"भाऊजी, जरा येऊन जाता का? आणि घरी काही सांगू नका."

निरीक्षकांनी ते लगेच फोनवर बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, "जा आणि खरं सांगा. ती बिचारी जिवाला लावून घेईल. तुम्ही नाही सांगितलंत तर संध्याकाळी मी सांगते." बसमध्ये निरीक्षकांनी वाक्य घडवलं. ते छोटं आणि नेमकं होतं: 'अक्का, चूक माझी आहे, टायमर उलटा लागला होता.' उतरेपर्यंत त्यांनी ते तीनदा तपासलं. त्यात कुठेही खोट नव्हती.

अक्काने दार उघडलं. लख्ख उन्हाच्या खिडकीत नऊ झाडं मिटून उभी होती.

"अक्का, चूक..." निरीक्षकांनी सुरुवात केली.

"माझीच आहे," अक्का म्हणाली. "मला माहितीय, तुम्ही चांगुलपणापायी काही बोलणार नाही म्हणून मीच सांगते. काल कुंड्या उतरवताना एक हातातून निसटली. डॉक्टरांनी वाकू नको म्हटलं होतं, पण मला धीर नाही. वर आणि पाणी घातलं तेही अंदाजाने. तुम्ही एवढं मोजूनमापून वाढवलंत, आणि मी एका दिवसात वाट लावली."

"तसं नाही अक्का, ऐका..."

"मला रडूही देत नाहीत हो," अक्का वर छताकडे बघत म्हणाली. "डोळ्यात पाणी आणायचं नाही म्हणालेत. सगळे म्हणतात अक्काच्या हाताला गुण आहे. धाकटीला कळलं तर ती काय म्हणेल? मी तुम्हाला इतकी वर्षं काय काय बोलले, आणि तुम्ही एका शब्दाने कधी..." तिने डोळा न चोळता नुसता पदर त्याच्याजवळ नेला. "माफ केलंत म्हणा, म्हणजे मला बरं वाटेल."

संध्याकाळी निरीक्षक घरी आले तेव्हा बायको दारातच उभी होती.

"सांगितलंत?"

"सांगत होतो," निरीक्षक बूट काढत म्हणाले. "पण त्याआधी तिनेच कबूल केलं."

"काय कबूल केलं?"

"की चूक तिची आहे."

"आणि तुम्ही काय केलंत?"

निरीक्षकांनी दुसरा बूट काढून पहिल्याच्या शेजारी काटेकोर सरळ ठेवला.

"डॉक्टरांनी तिला रडायला मनाई केलीय," ते म्हणाले. "मी मोठ्या मनाने माफ केलं."